जुन्या जिपेचें ओढकाम : आधीं काय दुरुस्त करावें व मग काय बदलावें

वसई-विरार भागांतील ज्या बागाइतदारांच्या दारांत चारहि चाकांनीं ओढणारी जुनी जीप उभी आहे, त्यांना तिच्याकडून माणसें नेण्याआणण्यापलीकडचें कामहि घ्यावेंसें वाटतें. शेणखताची ट्रॉली, पेंढ्याचे भारे, पाण्याची टांकी, केळींचे घड असें ओझें वाडीच्या अरुंद वाटेनें न्यावयाचें असतां मोठा ट्रॅक्टर वळवितां येत नाहीं; जीप मात्र सहज वळते. अडचण पुढें सुरू होते. ट्रॉली लावली कीं गाडी दम टाकते, रेडिएटरचें पाणी उकळतें, उतारावर ब्रेक अपुरे पडतात. मिस्त्रीकडे गेलें असतां तो बहुधा एकच तोडगा सांगतो : मोठें इंजिन बसवा. हा तोडगा खर्चाचा तर आहेच, पण बहुतेक वेळां अनाठायींहि आहे. जुन्या जिपेंत ओढण्याची शक्ति पुरेशी असते. उणीव असते ती थांबण्याच्या शक्तीची. हें विधान प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल, यास्तव थोडा हिशेब करून दाखवितों.

जीप ही मुळांत लढाईची गाडी खरी, परंतु शेताशीं तिचा संबंध नवा नाहीं. अमेरिकेंतील विलीज-ओव्हरलँड कंपनीनें १९४५ सालीं सैन्याच्या जिपेचा नागरी नमुना काढला, तो मुख्यतः शेतकऱ्यांपुढेंच मांडला होता. मागें ओढदांडा व इंजिनाची शक्ति बाहेर घेऊन दुसरीं यंत्रें चालविण्याची सोय त्या नमुन्यास मिळत असे. आपल्याकडे १९४५ मध्यें स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईंत विलीज जिपांची जुळणी सुरू केली. आणि उंच बॉनेटचा सीजे-३बी हा नमुना पुढें अनेक दशकें येथेंच तयार होत राहिला. आज ज्या जुन्या जिपा दिसतात त्यांचा सांगाडा पुष्कळ अंशीं याच घराण्यांतला आहे. इंजिन मात्र अनेकींत मागाहून बदलून पेट्रोलच्या जागीं डिझेल बसविलेलें आढळतें. खालील आंकडे मूळ पेट्रोल नमुन्याचे आहेत.

सीजे-३बीच्या इंजिनाची जास्तींत जास्त पीळशक्ति १५ ते १६ किलोग्रॅम-मीटर इतकी आहे. पहिल्या गिअरचें प्रमाण २.८, चार चाकांच्या गिअरपेटींतील खालच्या गिअरचें २.४६, व अॅक्सलमधील क्राउन-पिनियनचें ५.३८. या तिन्हींचा गुणाकार सुमारें ३७ येतो; म्हणजे चाक एकदां फिरण्यास इंजिन ३७ वेळां फिरतें आणि पीळशक्ति त्याच मानानें वाढते. घर्षणांत जाणारा भाग वजा करतां चाकांच्या कडेस १,३०० किलोग्रॅमच्या आसपास ओढ मिळते. आतां जिपेचें स्वतःचें वजन एक टनाच्या थोडें मागेंपुढें. कोरड्या घट्ट मातीवर टायर आपल्यावरील वजनाच्या निम्म्याहून थोडी अधिक ओढ धरूं शकतो. त्यापुढें तो घसरतो. अर्थात ५५० ते ६०० किलोग्रॅमपुढील शक्ति जमिनींत उतरतच नाहीं. इंजिनाजवळ आहे त्याच्या निम्मी वापरतांच चाकें फिरूं लागतात. त्यांत दुप्पट शक्तीचें इंजिन घातलें तर चाकें अधिक जोरानें माती उडवितील, आणि ट्रॉली जागच्या जागींच राहील.

आतां ओझ्याकडे पाहूं. भरलेली ट्रॉली एक टनाची धरली तर डांबरी सपाट रस्त्यावर ती ओढण्यास १५ ते २० किलोग्रॅम जोर पुरतो. कच्च्या वाटेवर ५०-६०, आणि किनाऱ्याकडील मोकळ्या कोरड्या वाळूंत १५० ते २०० किंवा त्याहूनहि अधिक लागतो. दहास एक असा चढ आला तर यांत आणखी १०० मिळवावे. तुंगार डोंगराच्या पायथ्याकडील चढउताराच्या वाटा घेतल्या, किंवा अर्नाळा-राजोडीकडील वाळू घेतली, तरी हा जोर जिपेच्या आवांक्याबाहेरचा नाहीं. अट एवढीच कीं खालचा गिअर वापरला पाहिजे. पुष्कळ चालक तो लावीतच नाहींत. सबंध ओझें वरच्या गिअरांत, अर्धा क्लच दाबून उचलतात, आणि क्लच जळाला म्हणजे इंजिनास दोष देतात. खालच्या पेटींत पहिला गिअर असतां इंजिन मिनिटास एक हजार फेऱ्यांनीं चालविलें तर गाडीची गति तासास साडेतीन ते चार किलोमीटर, म्हणजे धिम्या बैलजोडीइतकी राहते. इतक्या सावकाश चालण्यास कंटाळा येतो खरा, परंतु ओझें हलवावयाचें तें त्याच गतीनें.

गाडी ओढत नाहीं तर प्रथम काय पाहावें

इतकें असूनहि जीप ओढत नसेल तर शक्ति वाटेंत कोठें तरी अडकत अगर गळत आहे, असें समजावें. सपाट जमिनीवर गिअर मोकळा करून दोघांनीं गाडी ढकलून पाहावी. ती सहज हलली नाहीं तर ब्रेक धरून राहिलेले आहेत अथवा चाकाचें बेअरिंग बसलें आहे. दोनचार किलोमीटर चालवून उतरावें व प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन पाहावें. एकच ड्रम बाकीच्यांपेक्षां तापलेला असेल तर दोष तेथें सांपडला. त्यानंतर क्लचची परीक्षा. हातब्रेक ओढून, चाकांस ठोकळे लावून, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडलें तर क्लच चांगला. तें चालूच राहिलें तर लायनर झिजलेली आहे किंवा तीस तेल लागलें आहे. ही परीक्षा एकदांच करावी. वारंवार केल्यास चांगला क्लचहि बिघडेल. हवेची जाळी व इंधनाची जाळी या दोन्ही उन्हाळ्यांतील धुळीनें व पेंढ्याच्या भुशानें भरतात. हें काम अगदीं स्वस्त आहे म्हणूनच बहुधा शेवटीं सुचतें. इतकें करून गुण न आल्यास मगच इंजिनाचा दाब मोजून घ्यावा व व्हॉल्व्ह-पिस्टनकडे वळावें.

ब्रेक

दुरुस्तीचा पहिला पैसा येथें खर्चावा असें आमचें स्पष्ट मत आहे. सव्वा टनाची जीप माणसांसह ज्या ब्रेकांनीं थांबत होती, त्याच ब्रेकांवर एक टनाची बिनब्रेकची ट्रॉली लादली कीं थांबण्याचें अंतर जवळजवळ दुप्पट होतें. त्यांत वेग वाढविला तर परिणाम वर्गाच्या प्रमाणांत वाढतो : तासास ३० किलोमीटरच्या ऐवजीं ६० किलोमीटर गतीनें जाणारी गाडी थांबवितांना चौपट उष्णता ड्रमांत जिरवावी लागते. उतारावर ब्रेक सतत दाबून धरल्यास ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते, आणि पेडल दाबूनहि गाडी पुढेंच जाते. म्हणून ज्या गिअरांत चढ चढलों त्याच गिअरांत उतार उतरावा; इंजिनासच लगाम धरूं द्यावा.

मूळ जिपेंत आणखी दोन उणिवा आहेत. पहिली ही कीं चारहि चाकांच्या ब्रेकांना तेल पुरविणारा मास्टर सिलिंडर एकच घराचा असतो. एका चाकाचा रबरी पाइप फुटला कीं चारहि ब्रेक एकदम जातात. दोन घरांचा मास्टर सिलिंडर बसविल्यास पुढील व मागील चाकांचीं तेलें निराळीं होतात आणि एक बाजू गेली तरी दुसरी काम देते. जुन्या जिपेंत करण्याजोग्या सर्व सुधारणांत ही सर्वांत मोलाची होय. दुसरी उणीव हातब्रेकची. मूळ नमुन्यांत हा ब्रेक चाकांवर नसून चार चाकांच्या गिअरपेटीमागें, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशीं असतो. शाफ्टचा क्रॉस तुटला किंवा मागचें एक चाक अधांतरीं झालें तर हातब्रेक ओढलेला असूनहि गाडी चालूं लागते. चढावर ट्रॉली भरतांना वा सोडतांना चाकामागें दगड अगर लांकडी ठोकळा लावल्यावांचून कोणासहि दोहोंमध्यें उभें राहूं देऊं नये.

ब्रेकच्या तेलाविषयीं आपल्या दमट हवेंत विशेष सांगावेंसें वाटतें. हें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट-३ जातीचें कोरडें तेल कमींत कमी २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. त्यांत पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलें कीं हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ जातीचे आंकडे अनुक्रमें २३० व १५५ आहेत. तेल उकळलें म्हणजे नळींत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण दाब पुढें नेत नाहीं; पेडल तळाशीं जातें. ओढकाम करणाऱ्यानें दरवर्षीं पावसाळा संपतांच हें तेल बदलावें. खर्च किरकोळ आहे.

यापुढें मोठे ड्रम, पुढील चाकांना डिस्क ब्रेक, व पेडलचा जोर वाढविणारा बूस्टर या सुधारणा येतात. बूस्टर निर्वात पोकळीवर चालतो. पेट्रोल इंजिनांत ती आपोआप मिळते, डिझेल इंजिनांत मिळत नाहीं. तेथें निराळा पंप लागतो. पंप न बसवितां डिझेल जिपेस बूस्टर लावणें म्हणजे नुसतें डबडें लावणें होय. आणि ट्रॉलीचें भरलेलें वजन जिपेच्या निम्म्याहून जास्त असेल तर ट्रॉलीसच ब्रेक असावेत. ट्रॉली मागून ढकलूं लागली कीं त्या धक्क्यानेंच लागणारे ब्रेक याकरितां सोयीचे असतात.

सांगाडा व हूक

समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यानें जिपेच्या चासीचें आयुष्य कमी होतें. चासीच्या पन्हळींत चिखल बसतो, त्यांत मिठाची ओल राहते, व पत्रा आंतून खात जातो. वरून रंग चांगला दिसतो. हातोडीनें ठोकीत जावें. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत. बोदा आवाज आला अगर पापुद्रे सुटले तर तेथील भाग कापून नवा घालावा. विशेषेंकरून मागील आडवा तुळवा पाहावा, कारण हुकाचा सारा ताण त्यावर येतो. बंपरला किंवा नुसत्या आडव्या पट्टीला हूक जोडूं नये. दोन्ही लांब तुळव्यांपर्यंत पोंचणाऱ्या पट्ट्या घालून बोल्टांनीं तो पक्का करावा, व हुकाशिवाय एक साखळी अवश्य लावावी. हूक सुटला तर ट्रॉलीची दांडी रस्त्यांत रुतूं नये इतकीच साखळी लांब असावी.

ट्रॉली दोन चाकांची असेल तर ओझें असें रचावें कीं एकूण वजनाचा सुमारें दहावा हिस्सा हुकावर येईल. एक टनाच्या ट्रॉलीस हें शंभर किलोग्रॅम होतें. वजनकांटा दांडीखालीं ठेवून एकदां मोजून पाहिलें म्हणजे पुढें अंदाज येतो. ओझें मागें गेलें तर दांडी वर उचलते, जिपेच्या मागील चाकांची पकड सुटते, आणि वेगांत ट्रॉली शेपटीसारखी हेलकावे खाऊं लागते.

चार चाकांची पेटी

या जिपेंत पुढील व मागील अॅक्सल एकमेकांस घट्ट जोडले जातात. मध्यें फरक सोडणारें यंत्र नाहीं. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां लांबचा मार्ग काढतात. मातींत वा वाळूंत टायर किंचित घसरून हा फरक निभावतो, डांबरावर निभावत नाहीं. सारा पीळ गिअरांत व शाफ्टांत सांठतो. मग दांडा निघत नाहीं, आणि चालक त्यावर लाथ मारतो. असें न करितां गाडी सरळ रेषेंत थोडी मागें घ्यावी, पीळ उतरतांच दांडा अलगद निघतो. वाळू, चिखल, शेत एवढ्याच ठिकाणीं चार चाकें लावावीं. डांबरी लागतांच काढावीं. पुढील हबांना हातानें फिरवावयाचीं कुलुपें बसविलेलीं असल्यास तीं लावल्यावांचून नुसता दांडा ओढून पुढचीं चाकें ओढीत नाहींत, हेंहि ध्यानांत ठेवावें.

याहून मोठा घोटाळा भंगार बाजारांतून आणलेल्या अॅक्सलमुळें होतो. बाहेरून दोन अॅक्सल सारखे दिसतात, पण एकाचें प्रमाण ५.३८ व दुसऱ्याचें ४.८८ असूं शकतें. असे दोन एका गाडींत पुढेंमागें बसविले तर चार चाकें लावल्यावर दर शंभर मीटरांस जवळजवळ दहा मीटर टायर फरफटत जातात, आणि वाळू नसेल तर पेटी फुटते. तपासण्याची रीत सोपी आहे. सपाट जागीं बाकीच्या चाकांस ठोकळे लावून मागचें एक चाक जॅकवर उचलावें, दुसरें जमिनीवरच ठेवावें, गिअर मोकळा करून हातब्रेक सोडावा. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून उचललेलें चाक बरोबर दोन फेरे फिरवावें. शाफ्ट पांच फेरे पूर्ण करून पुढें एक तृतीयांशाहून किंचित अधिक फिरला तर प्रमाण ५.३८, पांचाला थोडा कमी पडला तर ४.८८. पुढील अॅक्सलचीहि हीच परीक्षा घ्यावी. तेव्हां दांडा दोन चाकांवर असावा, आणि हबांस कुलुपें असल्यास तीं लावावीं. दोन्ही अंक जुळले तरच चार चाकांच्या दांड्यास हात लावावा.

गाडी हलतांना ‘टक्’ असा आवाज आला तर तो बहुधा शाफ्टच्या क्रॉसचा असतो. नवा क्रॉस बसवितांना सरकत्या जोडाचीं दोन्ही तोंडें एका रेषेंत यावींत. एक दांता चुकला तरी शाफ्ट थरथरतो. स्टिअरिंग थरथरूं लागलें तर लगेच त्याची पेटी बदलावयास निघूं नये. किंगपिनचीं बेअरिंगें, सांधे व चाकांचीं बेअरिंगें आधीं पाहावींत.

पाणी उकळणें

बैलाच्या चालीनें ओझें ओढतांना समोरून वारा मिळत नाहीं. रेडिएटरमधून हवा ओढण्याचें सारें काम पंख्यावर येतें. पंख्याभोंवतींचा पत्र्याचा कंठा अनेक जिपांतून नाहींसा झालेला असतो. तो नसला कीं पंखा तीच ती गरम हवा घुसळीत राहतो. मोठा रेडिएटर घेण्यापूर्वीं हा कंठा बसवावा व पट्टा ताणून घ्यावा. रेडिएटरच्या जाळींतील चिखल-भुसा इंजिनाच्या बाजूनें पाणी मारून बाहेर काढावा.

खाजणालगतच्या विहिरींचें मचूळ पाणी रेडिएटरमध्यें कधींहि घालूं नये. त्यानें नळ्यांत खपली धरते व लोखंड-अॅल्युमिनियम कुरतडलें जातें. शुद्ध केलेल्या पाण्यांत कूलंट मिसळून तें वापरावें. तें न मिळालें तर पावसाचें स्वच्छ धरलेलें पाणी बरें. काहीं मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्यानें रोग झांकला जातो, इंजिन हलक्या कामांत थंड राहून इंधन जास्त खातें. झांकण उघडून थंड इंजिन सुरू केलें असतां पाण्यांत सतत बुडबुडे येत असतील तर हेडची गॅसकेट गेली आहे. तेथें रेडिएटर बदलून कांहींच साधणार नाहीं.

खाडीच्या वा समुद्राच्या पाण्यांतून गाडी गेल्यास त्याच दिवशीं गोड्या पाण्यानें खालून धुवावी, ब्रेक हलके दाबीत थोडी चालवून ड्रम वाळवावे, आणि गिअरपेटी व दोन्ही अॅक्सलांचें तेल थोडें काढून पाहावें. तें दुधासारखें पांढुरकें दिसलें तर पाणी शिरलें. सर्व तेल बदलावें. मुख्य गिअरपेटी व चार चाकांची पेटी एकमेकांस लागून असल्यामुळें सील झिजल्यास तेल एकींतून दुसरींत जातें. एक कोरडी व दुसरी भरलेली आढळली तर हेंच कारण.

इंजिन बदलणें

ब्रेक, हूक, सांगाडा, पाणी व अॅक्सल हे नीट झाल्यावरहि ज्यांना इंजिन बदलावयाचें असेल त्यांनीं खुशाल बदलावें. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर चांगलें ओढतें व इंधन कमी खातें, हे त्याचे खरे गुण. परंतु तें जड असतें. पुढील पाटे, स्टिअरिंग व ब्रेक यांवर भार वाढतो. जास्त पीळशक्तीनें जुना अर्धा अॅक्सल तुटण्याचा संभव असतो. टायर बदलतांना फार मोठे घेऊं नयेत. व्यास वाढला कीं गिअरचें प्रमाण तितकें घटतें, आणि हिशेबांत कमावलेली ओढ हातची जाते.

कायद्याची बाजूहि पाहावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करतां येत नाहीं; इंजिन बदलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाची मंजुरी घेऊन नोंद करून घ्यावी. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढें पांच पांच वर्षांनीं तिचें नूतनीकरण करावें लागतें. त्या वेळच्या तपासणींत बिननोंदीचें इंजिन उघड होतें. मागची ट्रॉलीहि या कायद्याच्या व्याख्येंत मोटार वाहनच आहे. बिननोंदीची ट्रॉली मुंबई-अहमदाबाद महामार्गावर नेऊन अपघात झाला तर विम्याची कंपनी हात वर करण्याचा संभव मोठा.

सर्व काम झाल्यावर पहिली खेप निम्म्या ओझ्याची न्यावी. पांच किलोमीटरांवर थांबून चारहि हब, दोन्ही अॅक्सलांचीं पोटें व चार चाकांची पेटी यांस जपून हात लावावा. कोमट लागणें स्वाभाविक आहे. हात ठेववत नसेल तर तेथील तेल व बेअरिंग पुन्हा पाहावें. हुकाचे व चासीचे बोल्ट याच वेळीं एकदां आवळून घ्यावेत, कारण नवीन जोड पहिल्या खेपेंत हमखास सैल पडतात.